झील धरणाऱ्याचं नाव काय?

पथकानं म्हटलेलं गाणं कुणाचं? लिहिणाऱ्याचं, पुढं उभं राहून म्हणणाऱ्याचं, का मागं उभं राहून झील धरणाऱ्याचं?

प्रश्न सोपा वाटतो. लिहिणारा म्हणतो, शब्द माझे. ढोलकीवाला म्हणतो, चाल मी बसवली. संघटनेचा पुढारी म्हणतो, कार्यकर्त्याचं जे काय असेल ते संघटनेचं. या तिघांचं भांडण मिटेपर्यंत कॅसेटवाला गाणं विकून मोकळा झालेला असतो. आता तर कॅसेटही गेली. मोबाइलवर कुणाचंही गाणं कुणाच्याही नावानं फिरतं आणि खाली कमेंटमध्ये लोक जयभीम लिहितात, गाणारा कोण हे कुणी विचारत नाही.

मित्रांनो, हा प्रश्न मी करमणूक म्हणून काढलेला नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात एक पथक मी उभं राहताना बघितलं आणि फुटतानाही बघितलं. आठ जण होते. पाच भीमनगरातले, तीन मातंग वस्तीतले. एकाच्या हातात हलगी, एकाच्या गळ्यात ढोलकी, एक पोरगी पेटीवर. चार वर्षं गावोगाव गेले. १४ एप्रिलला गायले, १ ऑगस्टला गायले, ६ डिसेंबरच्या रात्री शांतपणे बसून गायले. मग एका जयंतीच्या पत्रकावर एकाच पोराचं नाव मोठ्या अक्षरात छापून आलं आणि खाली बारीक 'आणि संच'. तिथून बोलणं वाढलं. महिन्याभरात पथकाचे दोन तुकडे पडले, आणि ते बरोबर जातीच्या रेषेवर पडले. त्यानंतर एकानं म्हणायचं, 'आमच्या अण्णाभाऊंची गाणी तुम्ही म्हणायची नाहीत.' दुसऱ्यानं म्हणायचं, 'मग आमच्या बाबासाहेबांची तुम्ही म्हणायची नाहीत.'

'आमच्या' आणि 'तुम्ही'. या दोन शब्दांवर मी बरेच दिवस विचार करतोय.

ज्या अण्णाभाऊंवरून हे भांडण झालं ते अण्णाभाऊ तरी एकटे कधी गायले होते? १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्याचे खांब तीन. एक तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णाभाऊ. वाळवे तालुक्यातलं वाटेगाव, मातंग घर, शाळा दीड दिवसाची. बापाबरोबर पायी मुंबई गाठलेला, गिरणीत आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात घडलेला माणूस. दुसरे अमर शेख. खरं नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६, आणि गाव कुठलं? आपल्या शेजारची बार्शी. तिसरे शाहीर द. ना. गव्हाणकर, ज्यांचं नाव काढलं की आजची पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

बार्शी आपल्याला परकी नाही. एस्टीनं तास-सव्वातासाची वाट. १८९७ साली सुरू झालेली ती अरुंद रुळांची बार्शी लाईट रेल्वे पुढं लातूरपर्यंत गेली, आणि येडशी-ढोकीची आपली माणसं त्या गाडीत बसून कामाला, बाजाराला ये-जा करायची. तेव्हा बार्शीत इंग्रजाचा कायदा आणि इकडं निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला तोवर ही हद्द होती. माणसाच्या पोटाला मात्र हद्द नसते. बार्शीच्या गिरणीत राबणाऱ्यांच्या संपातून अमर शेख वर आले, तुरुंगात गेले, लाल झेंड्याकडं वळले. गळा असा की माईक बंद पडला तरी मागच्या ओळीतल्या माणसाला ऐकू यावं.

आता बघा, अण्णाभाऊंची 'माझी मैना' आपण अण्णाभाऊंची म्हणतो. बरोबरच आहे, लिहिली त्यांनी. पण ती महाराष्ट्रभर गेली ती अमर शेखांच्या पहाडी आवाजावर बसून. वाटेगावच्या मातंगाचे शब्द, बार्शीच्या मुसलमानाचा गळा. मग ती मैना मातंगाची का मुसलमानाची? प्रश्न असा विचारला की आपल्यालाच लाज वाटते. वाटायलाच पाहिजे. पण आमच्या गावात तो असाच विचारला गेला, फक्त शब्द जरा झाकून.

या पथकाची कारकीर्द तशी थोडी. वर जाताना सगळे बरोबर असतात, हे जगात सगळीकडचं. गिरणगावात, किसान सभांमध्ये, चाळीच्या पटांगणात ती माणसं गायली. वगातली गणगौळण त्यांनी काढून टाकली. गणपतीच्या जागी श्रमाला वंदन, गवळणीच्या जागी शेतकऱ्या-कामकऱ्याची बाई. तमाशा ज्या जातींनी जिवंत ठेवला आणि ज्यावरून त्या जातींनाच हिणवलं गेलं, तोच तमाशा अण्णाभाऊंनी मान ताठ करून उभा केला. मग सरकार घाबरलं. मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असतानाच्या काळात पथकावर बंदी आली. तमाशा म्हणायचा नाही तर लोकनाट्य म्हणू, असं करत यांनी वाट काढली. पुढं अमर शेखांनी आपलं वेगळं कलापथक काढलं. कोण कुणावर रागावला, कोण किती चुकला, हे उकरायची मला हौस नाही. एका ताटातली माणसंही वेगळी होतात.

पण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा हेच शाहीर एका मागणीसाठी रस्त्यावर आले. १ मे १९६० ला राज्य मिळालं. राज्य मिळाल्यावर शाहिराची गरज संपली. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले आणि १८ जुलै १९६९ ला गेले. अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ ला मोटार अपघातात गेले. मध्ये बरोबर सहा आठवडे. एका पथकातले दोन आवाज सहा आठवड्यांच्या आत बंद झाले, आणि ज्या राज्यासाठी ते ओरडले त्या राज्याचं काहीही अडलं नाही.

गोष्ट इथं संपत नाही. माणूस मेल्यावर त्याची वाटणी सुरू होते.

अण्णाभाऊंच्या नावानं १९८५ साली विकास महामंडळ निघालं. टपाल तिकीट निघालं. २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात १ ऑगस्टला मिरवणूक निघते, आणि निघालीच पाहिजे. मातंग वस्तीतल्या पोराला दीड दिवस शाळेत गेलेला आपला माणूस रशियापर्यंत गेला हे कळलं की त्याची छाती फुगते, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण २० ऑक्टोबरला बार्शीच्या बाहेर कोण उठतं? विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे, चांगलं आहे, पण अध्यासनात हलगी वाजत नाही. आणि गव्हाणकरांचं तर तेवढंही नाही.

कारण उघड आहे. आपल्याकडं मेलेल्या माणसाला जात मिळाली तर जयंती मिळते. जातीला मतं असली तर पुतळा मिळतो. अमर शेखांना मुसलमानांनी आपलं म्हटलं नाही, कारण ते लाल झेंडेवाले, पोवाडे म्हणणारे. मराठी म्हणवणाऱ्यांनी म्हटलं नाही, कारण नाव शेख. लाल झेंडेवाल्यांनी म्हटलं, पण लाल झेंडाच इकडं फिका पडत गेला. तिघांनी मिळून केलेली गोष्ट, त्यातल्या एकाला मखरात बसवलं, एकाला अर्धं विसरलं आणि एकाला पूर्ण. मखरात बसवलं त्याचंही भलं केलं असं समजू नका. त्याच्या हातातला डफ काढून घेतला आणि त्याला एका जातीचा केला. ज्यानं १९५९ ची आपली 'फकिरा' कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्याला आता बाबासाहेबांच्या पोरांपासून तोडायला वापरतात. वापरणारे कोण, हे मी सांगायला नको. पण वापरू देणारे आपणच.

जरा गाण्याच्या आतच जाऊ. पोवाडा कसा उभा राहतो हे ज्यांनी फक्त यूट्यूबवर बघितलंय त्यांना कळत नाही. शाहीर पुढं. त्याच्या हातात डफ. मागं दोघं-तिघं झीलकरी, एकाकडं तुणतुणं, एकाकडं झांज, कडेला ढोलकी. शाहीर चौक म्हणत जातो, चढत जातो, शेवटचा शब्द वर फेकतो. तो शब्द झीलकरी झेलतात आणि 'जी जी' करत लांबवतात. लोकांना वाटतं, ही नुसती साथ. तसं नाही. त्या लांबवलेल्या जागेत शाहीर श्वास घेतो. पुढचा चौक आठवतो. घसा ओला करतो. समोरच्या माणसांचे डोळे बघतो आणि पुढं काय म्हणायचं ते ठरवतो. झीलकऱ्यानं ती जागा धरली नाही तर शाहीर तिसऱ्या चौकात धापा टाकेल. म्हणजे शाहिराचा दम हा निम्मा दुसऱ्याच्या छातीतला असतो.

आमच्या तालुक्यात एक म्हातारा आहे. वय पंच्याऐंशीच्या वर. साठ-सत्तरच्या दशकात आपल्या लोकांच्या गायनपार्टीत मागं उभं राहून झील धरायचा. वामनदादा कर्डकांची गाणी पायी वस्त्यावस्त्यांत पोचवणाऱ्या ज्या शेकडो पार्ट्या होत्या, त्यातलीच एक. मी त्याला विचारलं, 'आबा, पत्रकावर तुमचं नाव असायचं का?'

'पत्रकच नव्हतं लेका, तर नाव कुठलं यायलंय. दवंडी असायची. अमक्या बुवाची पार्टी आलीय म्हणून.'

'वाईट वाटायचं का?'

'वाईट कशाचं? भाकरी सगळ्यांना एकच मिळायची.' मग जरा थांबून म्हणाला, 'पण एक सांगतो. बुवाचा आवाज बसला की आम्हीच म्हणायचो सगळं. लोकांला पत्ता लागायचा न्हाई. सकाळी लोकं बुवाच्या पाया पडायचे. तवा मात्र वाटायचं.'

'तवा मात्र वाटायचं.' या तीन शब्दांत सगळं आलं. आपण प्रस्थापितांना विचारतो, तुमच्या इतिहासात आमच्या बापाचं नाव का नाही? किल्ला बांधणाऱ्या वडाराचं नाव कुठं आहे? भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभावर महार सैनिकांची नावं कोरलेली आहेत म्हणून तर तो दगड आपल्याला दगड वाटत नाही. मग आपल्याच पत्रकावर 'आणि संच' छापताना आपला हात कसा थांबत नाही? आणि संच म्हणजे कोण? संच भांड्यांचा असतो.

इथं माझा एक मित्र मला अडवतो. मित्र मातंग आहे, वाचणारा आहे, वकिली शिकलेला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'हजारो वर्षं आमच्या माणसाला नावच नव्हतं. गावानं हाक मारली ती जातीनं, नाहीतर शिवीनं. आता कुठं एक नाव मोठं झालं, साठे. त्या नावावर पोरं उभी राहतात. आणि आता तू सांगणार की नाव महत्त्वाचं नाही, पथक महत्त्वाचं? ही समूहाची भाषा आम्हाला नेहमी आमच्या वेळेलाच का सांगितली जाते? ब्राह्मण कवीला कुणी म्हटलं का, की तुझ्या कवितेत तुला लिहायला शिकवणाऱ्याचं नाव टाक?'

हा आक्षेप जड आहे. त्याला टोलवून चालणार नाही. त्यानं पुढं असंही म्हटलं की डाव्यांनी अण्णाभाऊंना पथकात ठेवलं तोवर वर्ग वर्ग म्हणायला लावलं, आणि जातीचं दुखणं पोटात ठेवून तो माणूस गात राहिला. त्यातही तथ्य आहे. पथक ही काही पवित्र वस्तू नाही. पथकही माणसाला खातं. विलास घोगरे आठवा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्यानंतर चार दिवसांनी या शाहिरानं डोक्याला निळी पट्टी बांधून आपल्या झोपडीत जीव दिला. ज्या डाव्या पथकात तो गायचा त्यातून त्याला आधीच दूर केलं गेलं होतं. आनंद पटवर्धनांचा 'जयभीम कॉम्रेड' त्याच्यापासूनच सुरू होतो. गाणाऱ्या माणसाला एकटं टाकलं की काय होतं, हे त्या पट्टीनं सांगितलंय. तेव्हा माणूस पथकात विरघळून जावा, त्याचं नाव पुसावं, असं मी म्हणत नाही. म्हणणाऱ्याला विरोधच करीन.

मी वेगळं म्हणतोय. नाव मोठं करा, त्याला कुणाची ना आहे? पण नाव दोन तऱ्हेनं मोठं होतं. एक, त्याच्याबरोबरची नावं उजेडात येतात म्हणून. दुसरं, त्याच्याबरोबरची नावं अंधारात ढकलली म्हणून. दुसरी तऱ्हा आपण शिकलो कुणाकडून ते माहीत आहे. ब्राह्मण कवीनं केलं नाही म्हणून आपणही करायचं नाही, हे काय उत्तर झालं? मग आपण लिहायला लागलो तेच कशाला?

बाहेरच्या मुलखातलंही एक सांगतो. ७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलंच होतं, तेव्हा परक्या देशाचा विटाळ आपल्याला नाही. इंग्लंडात कॉव्हेंट्री नावाचं मोटारींच्या कारखान्यांचं गाव. १९७० नंतर कारखाने बसायला लागले, पोरं बेकार झाली, आणि गोरे गुंड काळ्यांना रस्त्यावर मारायला लागले. त्या गावात १९७७ साली 'द स्पेशल्स' नावाचं बँड निघालं. तिकडं ज्याला न्यू वेव्ह म्हणतात त्या लाटेतलं. सात जण. पाच गोरे, आणि लिनव्हल गोल्डिंग व नेव्हिल स्टेपल हे दोघं जमैकात जन्मलेले काळे. वाजवायचे ते जमैकाच्या काळ्या मजुरांच्या स्का संगीताच्या चालीवर. जेरी डॅमर्स या पेटीवाल्यानं काढलेल्या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचं नाव 'टू टोन', आणि खूण काय, तर काळे-पांढरे चौकोन. बघितल्याबरोबर कळावं की काळा आणि पांढरा शेजारी शेजारी उभे आहेत. १९८० मध्ये गोल्डिंगला काळा म्हणून बेदम मारलं. तरी ते थांबले नाहीत. १९८१ च्या उन्हाळ्यात त्यांचं 'घोस्ट टाऊन', म्हणजे ओसाड पडलेल्या गावाचं गाणं, तिकडच्या यादीत पहिलं आलं. त्याच दिवसांत ब्रिक्स्टन, टॉक्स्टेथ अशा वस्त्यांमध्ये पोलिसांविरुद्ध दंगली पेटल्या होत्या.

आणि गाणं पहिल्या नंबरवर असताना पथक आतून फुटलं. त्याच वर्षी टेरी हॉल, गोल्डिंग आणि स्टेपल बाहेर पडले आणि तिघांनी 'फन बॉय थ्री' नावानं वेगळा संसार मांडला. डॅमर्स राहिलेल्यांना घेऊन चालत राहिला. १९८४ साली त्यानं नेल्सन मंडेलांच्या सुटकेसाठी गाणं केलं. मंडेला तेव्हा तुरुंगात होते, आणि जगातल्या कितीतरी पोरांनी ते नाव पहिल्यांदा त्या गाण्यातून ऐकलं. २००९ साली जुनी मंडळी पुन्हा एकत्र येऊन गायला लागली, पण ज्यानं पथक काढलं तो डॅमर्सच त्यात नव्हता. २०२२ च्या डिसेंबरात टेरी हॉलही गेला.

हे मी का सांगितलं? तीही माणसंच, पैशावरून, हट्टावरून, थकव्यावरून भांडलीच असतील. पण त्यांच्या फुटण्याची रेषा बघा. बाहेर पडलेल्या तिघांत एक गोरा आणि दोन काळे. रंगावर उभी चिरफाड झाली नाही. गोरे म्हणाले नाहीत की बँड आमचं, काळे म्हणाले नाहीत की चाल आमच्या बापाची, तुम्ही वाजवू नका. खरं तर काळ्यांना तसं म्हणायचा हक्क होता. चाल त्यांच्या बापाचीच होती. तरी म्हणाले नाहीत. पथक फुटणं हा गुन्हा नाही. कुठल्या रेषेवर फुटतं, यावरून कळतं की ते आतून कधी जोडलेलं होतं का.

आता मालकीबद्दल मला जे सुचलं ते सांगतो. गाणं ही मालमत्ता धरली तर भांडण सुटत नाही, कारण मालमत्तेची वाटणी होते आणि वाटणीत कुणीतरी कमी पडतंच. मी म्हणतो, गाणं हे देणं धरा. कर्ज. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या शेतकऱ्याला विचारा. तिघांनी सही केली आणि दोघं गाव सोडून गेले, तर सोसायटी तिसऱ्याकडं तिसरा हिस्सा मागत नाही. सगळं मागते. वाटणीनं मालमत्ता कमी होते, जामिनाचं देणं कमी होत नाही. तसं पथक फुटलं म्हणजे अण्णाभाऊ तिघांकडं आणि बाबासाहेब पाच जणांकडं, असा हिशेब होतच नाही. आठही जणांवर दोघांचं पूर्ण देणं आहे. भीमनगरातल्या पोरानं अण्णाभाऊ गायले तर तो कुणाची वस्तू उचलत नाही, आपलं कर्ज फेडतोय. मातंग पोरानं बाबासाहेब गायले तर तो कुणाच्या दारात उभा नाही. कर्ज फेडणाऱ्याला अडवायचा हक्क कुणाला असतो?

आता अवघड जागेवर येतो. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की राज्यांना अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येईल. तारीख बघा, नेमकी अण्णाभाऊंच्या जन्माची. त्या संध्याकाळी एका वस्तीत पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या वस्तीत निषेधाच्या बैठका बसल्या. या निकालावर मी इथं मत देत नाही, त्याला वेगळा लेख लागेल. नोकऱ्यांतला हिस्सा कुणाला किती मिळाला हे मोजणं हा प्रश्न खरा आहे, आणि मातंग भावानं तो विचारला म्हणून त्याला फितूर म्हणणं हा शुद्ध हलकटपणा आहे. तसंच आरक्षणच संपवायची चाल यामागं आहे का, अशी शंका बौद्ध पोरानं काढली म्हणून त्याला भावाचा घास खाणारा म्हणणं हाही हलकटपणाच. हिश्श्याचं भांडण आकड्यांनी भांडता येतं, कोर्टात भांडता येतं. ते गाण्यात आणलं की मात्र आकडे उरत नाहीत, नुसती जात उरते.

आणि आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो? २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आजच्या धाराशिव तालुक्यातल्या कसबे तडवळ्यात बाबासाहेब आले होते. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, तिथली म्हातारी माणसं ते ऐकलेलं अजून सांगतात. परिषद कसली होती? महार-मांग वतनदार परिषद. नाव पुन्हा वाचा. मध्ये आडवी रेघ आहे, जोडणारी. शिळ्या भाकरीवर आणि तुकडाभर जमिनीवर गावकीची राबणूक करून घेणारं वतन दोघांच्याही मानेवर होतं, म्हणून दोघांना एका मांडवात बोलावलं. आपल्या मातीत हे घडलं. तडवळ्याला दरवर्षी जाणारे आपण, तिथून परत येऊन दोन चौकांत दोन वेगळे डीजे लावतो, आणि एकाचा आवाज दुसऱ्यावर चढवतो. डीजेला झीलकरी लागत नाही. त्यात श्वास घ्यायला जागाच नसते, म्हणून दुसऱ्याची गरजही पडत नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून वेगळ्या करता येणार नाहीत असं बजावलं होतं. समता आपण कायद्यानं मागतो, मागितलीच पाहिजे. बंधुता कायद्यानं येत नाही. तो रोजचा सराव आहे, आणि दुसऱ्यानं श्वास घेईपर्यंत आपण सूर धरून ठेवणं हा त्यातला मला माहीत असलेला सगळ्यात जुना प्रकार.

'मग करायचं काय?' असं मित्रानं शेवटी विचारलं. मी म्हटलं, सध्या पत्रकावरून सुरुवात करू. 'आणि संच' छापायचं बंद. जेवढी माणसं मंचावर, तेवढी नावं, एका मापाच्या अक्षरात, पेटीवरच्या पोरीचंही. जागा पुरत नसेल तर प्रमुख पाहुण्यांची नावं कमी करा. त्यांना छापून यायची सवय आहे. १ ऑगस्टच्या कार्यक्रमात अमर शेखांचा आणि गव्हाणकरांचा फोटो अण्णाभाऊंच्या शेजारी ठेवा. २० ऑक्टोबरला बार्शीला जायला एस्टी आहे. मित्र हसला. म्हणाला, 'पाहुणे चिडतील.' चिडू देत.

दुसरं काम तुम्हा वाचकांचं. आपापल्या गावात जुन्या जलशांत, गायनपार्ट्यांत मागं उभे राहिलेले जे कोणी अजून जिवंत असतील त्यांच्याकडं जा, आणि त्यांच्याबरोबर कोण कोण उभं असायचं ते लिहून घ्या. गाणी नंतर लिहा, आधी नावं. ही माणसं फार दिवस राहणार नाहीत. आबांकडं मी दोनदा जाऊन आलो. त्यांच्या पार्टीत सात जण होते. सहा नावं त्यांनी सांगितली, गावासकट. सातव्याचं आठवेना. 'ढोकीकडला होता. तुणतुणं वाजवायचा. आवाज बारीक, पण शेवटपर्यंत सोडायचा न्हाई.' ढोकीच्या बाजूला कुणाच्या घरात जुनं तुणतुणं असेल तर कळवा.